स्वित्झर्लंडला पहिल्यांदा जाताना: तिथे कोणी शिट्टी मारून थांबवत नाही

झ्युरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. सामान ढकलत आम्ही सरकत्या जिन्याने खाली गेलो, फलाटावर आलो, समोर लागलेल्या गाडीत बसलो. गाडी सुटल्यावर आईने विचारलं, "अरे, तिकीट कुठे दाखवायचं असतं?" वाटेत कुठे फाटक नव्हतं, कोणी हटकलं नव्हतं. तिकीट आमच्याकडे होतं, पण ते घेतलं आहे की नाही हे बघणारं कोणी दिसलं नाही. पुढच्या स्टेशननंतर तपासनीस आला, हसून तिकीट बघितलं आणि गेला. तिकीट नसतं तर तितक्याच शांतपणे त्याने दंडाची पावती हातात दिली असती.

या देशाबद्दल पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. तिथे पाटी लावतात आणि तुमच्यावर विश्वास टाकतात. नदीला कठडा नसतो, पाटी असते. डोंगरवाटेवर रखवालदार नसतो, दगडावर रंगाचा पट्टा असतो. आपल्याला शिट्टी ऐकून थांबायची सवय. तिथे शिट्टी वाजत नाही, म्हणून सगळं चालतं असं आपल्याला वाटतं आणि घात होतो. देश खरोखर सुरक्षित आहे. तरीही आई-वडिलांना आणि लेकरांना घेऊन जाणार असाल तर खालची तयारी घरूनच करून निघा.

पहिलं काम: पासपोर्ट आणि नाव

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. म्हणून आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत.

आता नावाचं बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी मांडणी असते. बऱ्याच मराठी पासपोर्टांवर मधलं नाव पहिल्या नावालाच जोडून छापलेलं असतं. विमानाचं तिकीट काढताना एक जण ते गाळतो, दुसरा फक्त आद्याक्षर लिहितो. विम्याच्या कागदावर तिसरंच काहीतरी येतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर बँक खातं माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, असंही सर्रास असतं. सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टात आहे अगदी तसंच, त्याच अक्षरांत, त्याच क्रमाने आलं पाहिजे. बँकेचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट उघडून समोर ठेवा, आठवणीवर जाऊ नका.

दुसरं काम: व्हिसा

युरोपात तीन-चार देश करणार असाल तर अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. ज्याच्या अपॉइंटमेंट लवकर मिळतात त्या देशाकडे अर्ज करून भलतीकडेच फिरायचं, हा उद्योग करू नका. सीमेवर हॉटेलची कागदपत्रं मागू शकतात.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकालाला साधारण १५ दिवस धरतात, पण छाननी वाढली तर ४५ दिवसही जाऊ शकतात. मे-जूनमध्ये जायचं असेल तर अर्ध्या महाराष्ट्राच्या शाळांना त्याच वेळी सुट्टी असते, हे ध्यानात ठेवा. मी फेब्रुवारीतच कागद जमवायला घेतो.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण झालेल्या आणि १२ पूर्ण न झालेल्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना माफ. हे रुपयांत भरायचं असतं, वर अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिने पुढच्या अर्जांना चालतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

कागद असे: भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा नवा फोटो, जायचं-यायचं विमान आरक्षण, रोजच्या रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचे कागद, आणि दिवसागणिक प्रवासाचा आराखडा. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्याकडे दिवसाला साधारण १०० फ्रँकची तरतूद दिसावी, अशी स्विस बाजूची अपेक्षा असते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरून स्टेटमेंट सजवायला जाऊ नका. ती रक्कम कुठून आली, हाच पहिला प्रश्न येतो. निवृत्त आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं साधं, सरळ पत्र लिहा आणि नातं दाखवणारा कागद जोडा. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती आणि जन्मदाखला लागतो. आजी-आजोबांबरोबर जात असेल तर दोन्ही पालकांची संमती.

व्हिसा हातात आला की आनंदाने फोटो टाकण्याआधी तो चिकटवलेला कागद नीट वाचा. त्यावर तीन गोष्टी असतात. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दोन, किती वेळा आत जाता येईल. तीन, किती दिवस राहता येईल. बरेच जण पहिली ओळ वाचतात आणि तिसरी सोडून देतात. समजा तारखा १ मे ते ३० मे आहेत आणि दिवस १५ लिहिले आहेत, तर तुम्ही त्या तीस दिवसांतले फक्त १५ दिवस राहू शकता. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजतात. प्रवेश एकदाच दिला असेल आणि मध्येच तुम्ही लंडनला जाऊन आलात, तर तो प्रवेश संपला, परत आत येता येणार नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त नाही.

नियमित जाणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील तर २ वर्षांचा, आणि पुढे ५ वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. म्हणून पहिला व्हिसा एक दिवसही ओलांडू नका.

सीमेवरची पद्धतही बदलली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी संगणकीय नोंद सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो आणि ठसे व्हिसाच्या नोंदीशी ताडून बघतात आणि तुमची ये-जा यंत्रात लिहिली जाते. मुक्कामाचे दिवस आता यंत्र मोजतं. शिक्का पुसट होता, अधिकाऱ्याने मोजलं नाही, ही सबब उरलेली नाही.

तिसरं काम: विमा, आणि तो नीट वाचणं

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च आला पाहिजे. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालला पाहिजे. हे झालं व्हिसापुरतं. माझं मत विचाराल तर स्वित्झर्लंडसाठी एवढ्यावर थांबू नका. तिथले उपचार युरोपातल्या सगळ्यात महागांपैकी आहेत. रुग्णवाहिकासुद्धा फुकट नसते, तिचं बिल शेकड्यांत आणि कधी हजार फ्रँकच्या वर जातं. डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं तर तो खर्चही तुमचा किंवा तुमच्या विम्याचा.

पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. आधीपासूनच्या आजारावर काय लिहिलंय? वडिलांना मधुमेह, रक्तदाब असेल आणि तुम्ही अर्जात ते लपवलं असेल, तर नेमक्या वेळी दावा अडतो. जे आहे ते लिहा, हप्ता थोडा वाढू द्या. दुसरी गोष्ट, डोंगरातला शोध आणि बचाव त्यात धरला आहे का? विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि एका कागदावर हवा. रुग्णालयात जावं लागलं तर जमेल तितक्या लवकर त्यांना कळवा आणि प्रत्येक पावती जपा.

चौथं काम: औषधं आणि डबा

रोजची औषधं एका महिन्यापुरतीच, मूळ वेष्टणात आणि हातातल्या बॅगेत ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि त्यात कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला काहीच सांगत नाही. मूळ नाव वाचलं की तो लगेच ओळखतो. झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या नेत असाल तर ही चिठ्ठी हवीच, कारण अशा औषधांवर कायद्याची नजर असते. आपल्याकडे काउंटरवर सहज मिळणारी प्रतिजैविकं तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी असतात.

डब्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरोघरी इथेच वाद होतो. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पनीर, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या आणि पानांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तो आपल्याकडे नसतो. त्यामुळे हापूसची पेटी नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. मावशीने तिकडच्या भाचीसाठी प्रेमाने बांधून दिलेली असली तरी नाही. सुके मसाले, मेतकूट, चटण्या, चिवडा, पोहे, खाकरे, तेलात केलेले लाडू यांना सहसा अडचण येत नाही. नियमात बसतं की नाही अशी शंका आली तर विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल दरवाजाने जाऊन जाहीर करा. तिथेही हाच प्रकार आहे, हिरव्या दरवाजात बहुधा कोणी हटकत नाही, पण हटकलं तर दंड होतो.

हॉटेलच्या खोलीत शेगडी लावून फोडणी देऊ नका. धुराचं यंत्र लगेच ओरडतं, अग्निशमन दल येऊ शकतं आणि त्याचं बिल तुमच्या नावावर लागू शकतं. स्वयंपाक करायचाच असेल तर सुरुवातीलाच स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. शाकाहारी माणसांचं आता तिथे बरं चालतं. फक्त चीजमध्ये प्राण्यांपासून मिळवलेलं विरजण असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं थंड पाणी उत्तम असतं. झ्युरिकमध्ये १,२०० हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांतलं पाणीही पितात. जिथे पिऊ नये तिथे 'काइन ट्रिंकवासर' (Kein Trinkwasser) किंवा फ्रेंच भागात 'ओ नों पोताब्ल' (Eau non potable) अशी पाटी असते. हे शब्द एका कागदावर रोमन लिपीत लिहून ठेवा, पाटी ओळखता येईल.

छोट्या पण अडवणाऱ्या गोष्टी

चलन फ्रँक आहे, युरो नाही. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुट्टे फ्रँकमध्ये. भिंतीतला सॉकेट तीन बारीक भोकांचा आणि खोलगट असतो. आपल्या मोबाइलचा बारीक दोन पिनांचा गोल प्लग त्यात बसतो, आपला जाड तीन पिनांचा बसत नाही आणि जर्मनीत चालणारा जाडजूड गोल प्लगही बसत नाही. 'युरोप'चं सिमकार्ड घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे ना ते आधी वाचा, बऱ्याचदा नसतं. गाडी भाड्याने घेणार असाल तर महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना गाडीवर आहे का ते विचारा. १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना त्यांची आसनं लागतात. रेल्वे पास घेतलात तर त्यावर नाव असतं, तपासनीस ओळखपत्रही मागतो, म्हणून पासपोर्ट जवळ हवा.

पाचवं काम: उंचीला मान देणं

इथे मी रेंगाळणार आहे, कारण आमच्या घरातली ही आठवण आहे.

कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. युंगफ्राउयोख या बर्फाळ ठिकाणचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. खालचं इंटरलाकेन गाव ५७० मीटरच्या आसपास. तिथून सकाळी निघालेला माणूस गाडी, केबलकार आणि पुन्हा गाडी करत साधारण दोन तासांत वर पोहोचतो. पाय चालत नाहीत, त्यामुळे शरीराला पत्ताच लागत नाही की आपण किती चढलो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. टिट्लिस ३,०२० मीटर, झरमॅटचं छोटं मॅटरहॉर्न ३,८८३ मीटर. सगळीकडे हीच गोष्ट.

बाबा सत्तरीचे, रोज तळजाई चढणारे, त्यामुळे कोणाला काळजी नव्हती. वर दार उघडलं, समोर पांढरं शुभ्र बर्फ दिसलं आणि ते लहान मुलासारखे झपाझप पुढे गेले. पन्नास पावलांवर थांबले. मी जवळ गेलो तेव्हा ओठ फिके पडले होते, कपाळाला घाम होता आणि ते म्हणत होते, "काही नाही रे, जरा बसतो." बसायचं नसतं, उतरायचं असतं. पुढच्या गाडीने आम्ही खाली निघालो. आयगरग्लेचरला, २,३२० मीटरवर, त्यांचा चेहरा पूर्ववत झाला आणि त्यांनी चहा मागितला. महागड्या तिकिटात आम्ही वर वीस मिनिटं थांबलो असू. मला त्याची एका पैशाची हळहळ नाही.

तेव्हा, गाडीतून उतरलात की पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. हळू चाला, जिना एकेक पायरी थांबून चढा, घोट घोट पाणी प्या. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, धाप ही उंचीची चिन्हं आहेत. ती दिसली की खाली उतरणं हेच औषध. हृदयाचा आजार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, दमा, गरोदरपण असेल किंवा अगदी तान्हं बाळ सोबत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना मीटरचा आकडा सांगून विचारा. "स्वित्झर्लंडला जाऊ का" असं विचारलं तर ते हो म्हणतील. "साडेतीन हजार मीटरवर दोन तासांत जाऊ का" असं विचारा. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी रिगी आहे, १,७९८ मीटर. वरून सरोवरं दिसतात आणि डब्यात बसूनच जाता येतं. माझ्या आईला युंगफ्राउपेक्षा रिगी जास्त आवडलं.

वरच्या बर्फावर खांबांनी आणि दोरांनी आखलेली जागा असते. तिच्या पलीकडे हिमनदी आहे आणि बर्फाच्या पातळ थराखाली भेगा असतात. फोटोसाठी दोर ओलांडू नका. गॉगल आणि सनस्क्रीन उन्हाळ्यातही हवेत, बर्फावरून परतलेलं ऊन कातडी आणि डोळे भाजून काढतं. सकाळी तिकीट काढण्याआधी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. ढग असतील तर दिवस बदला.

सहावं काम: वाट, गाय आणि गोचीड

पायवाटांच्या पाट्या पिवळ्या असतात. साधी पिवळी वाट कोणालाही चालेल. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरवाट, तिला घोटा धरणारे बूट हवेत आणि चक्कर न येणारी माणसं. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे कसलेल्यांची वाट, आपण मागे फिरायचं. वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती खरोखर बंद असते. २८ मे २०२५ ला वाले प्रांतातलं ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरड कोसळून जवळजवळ सगळं गाडलं गेलं. गावातल्या सुमारे ३०० माणसांना काही दिवस आधीच हलवलं होतं, म्हणून ती वाचली. तिथल्या लोकांनी पाटी लावली असेल तर डोंगराकडे बघूनच लावलेली असते.

कुरणातून वाट जाते आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गायी समोर येतात. गाय दिसली की आपला हात तिच्या पाठीकडे जातो, लेकरांना आपण पाडसाजवळ नेतो. तिथे ते करू नका. वासरू सोबत असलेली गाय त्या कुरणात मोकळी राहते, ती माणसाच्या कुरवाळण्याला सरावलेली नसते, वासराला जपायला धावून येते. लांबून वळसा घाला, वासराला हात लावू नका, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. तारेच्या कुंपणात वीज असते.

गवतात आणि झुडपांत वसंतापासून शरदापर्यंत गोचिडी असतात. त्यांच्यापासून दोन आजार होतात. एका प्रकारच्या मेंदूज्वरावर लस आहे आणि दक्षिणेचा तिचिनो सोडला तर जवळजवळ सगळा देश त्याच्या जोखमीचा मानतात. चार दिवस रेल्वेने फिरणाऱ्याला लस लागेलच असं नाही. रानात बरंच चालणार असाल तर डॉक्टरांशी बोला. दुसरा लाइम रोग, त्यावर लस नाही, पण वेळेत कळला तर प्रतिजैविकाने बरा होतो. फिरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, काडी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि स्वित्झर्लंडला गेलो होतो हे सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांना ते चटकन सुचणार नाही.

सातवं काम: पाणी

सगळ्यात जास्त कळकळीने हे लिहितो. बर्नमधून आरे नदी वाहते, हिरवी-निळी, नितळ. उन्हाळ्यात तिथले लोक तिच्यात उड्या मारतात आणि वाहत जातात. बघून वाटतं, आपणही उतरावं. ते लहानपणापासून त्या नदीत पोहत आले आहेत. कुठल्या पायऱ्यांवर बाहेर पडायचं, पुढे बंधारा कुठे आहे, हे त्यांना पाठ असतं. ते पाणी डोंगरातून येतं. भर उन्हाळ्यातही ते वीस अंशांच्या आसपास असतं, एरवी त्याहून खूप थंड, आणि ओढ जबरदस्त. एकदम थंड पाण्यात पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि चांगला पोहणाराही नाकातोंडात पाणी घेतो. विहिरीत पोहायला शिकलेल्याने नदीच्या भरवशावर राहू नये. ब्रिएन्झ आणि थुनच्या सरोवरांनाही हेच लागू. पोहायचंच असेल तर जीवरक्षक असलेल्या तलावात किंवा सरोवराच्या राखीव किनाऱ्यावर उतरा.

दुसरा धोका दिसतच नाही. डोंगरातल्या कोरड्या, गोट्यागोट्यांच्या नदीपात्रात आपण सहज उतरतो, मुलं दगडं रचतात. वर जलविद्युत केंद्र असेल तर आभाळ स्वच्छ असतानाही पाणी सोडलं की क्षणात लोंढा येतो. काठावर धावणाऱ्या माणसाचं आणि लाटेचं चित्र असलेली पाटी असते. ती दिसली तर पात्रात उतरायचंच नाही.

सरोवरात छोटी होडी भाड्याने घेतलीत तर काठावरच्या नारिंगी दिव्याकडे लक्ष ठेवा. मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराचा वारा येण्याची शक्यता, ९० वेळा लुकलुकला तर वादळ आलंच, तत्काळ काठ गाठा.

शहरात

वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. झेब्रा पट्ट्यावर मोटारी तुमच्यासाठी थांबतात, ट्राम थांबत नाही, तिला तिथेही अग्रहक्क आहे. आई-बाबांना हे दोनदा सांगा.

हाणामारीची भीती फारशी नाही, चोरी मात्र होते. झ्युरिक आणि जिनिव्हाची मोठी स्टेशनं, विमानतळाकडच्या गाड्या आणि गाडी सुटायच्या आधीचं मिनिट, एवढ्यात पाकीटमार काम करतात. डब्याच्या दाराशी ठेवलेली बॅग नजरेआड करू नका. मंगळसूत्र, पाटल्या घरी ठेवा. साध्या कपड्यातला कोणी 'पोलीस' म्हणून पाकीट तपासायला मागू लागला तर देऊ नका, ओळखपत्र मागा आणि ११७ लावा.

हे आकडे कागदावर लिहून बाबांच्या खिशात आणि मुलांच्या बॅगेत ठेवा: पोलीस ११७, आग ११८, रुग्णवाहिका १४४, विषबाधा १४५, डोंगरातली हेलिकॉप्टर मदत १४१४, आणि कुठलाच आठवला नाही तर ११२. फोनवर इंग्रजी चालतं. आधी जागा सांगा, मग काय झालं ते. त्याच कागदावर हॉटेलचा पत्ता, रक्तगट आणि रोजची औषधं लिहा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग बर्नमधला भारतीय दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ईमेलमध्ये आधीच टाकून ठेवा.

निघायच्या दिवशी

दुकानात कराचा परतावा मागून फॉर्म घेतला असेल तर सामान विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर वस्तू आणि फॉर्म दाखवा. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की परत येत नाही. आणि भाच्याला घेतलेला तो लाल दुमडता चाकू मोठ्या बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीत हातातल्या पिशवीत सापडला तर तिथेच सोडून यावा लागतो.